१९६५ ची स्ट्रॅटोकास्टर: मूळ रूपात न्यावी की आहे तशीच ठेवावी?

एकतार (धागाकर्ता)

मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातील एका वृद्ध वादकाच्या निधनानंतर त्यांच्या मुलीकडून मी फेंडर कंपनीची एक स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, विकत घेतली. नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) बुडाशी मे १९६५ चा शिक्का आहे. व्हॉल्यूमच्या पॉटवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) ३०४-६५१२ असा क्रमांक आहे, म्हणजे तो पॉट स्टॅकपोल कंपनीने त्याच वर्षाच्या बाराव्या आठवड्यात बनवला. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळतात. लिओ फेंडर यांनी आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, त्यामुळे ‘सीबीएसपूर्व’ हे मानाचे बिरुद या गिटारीचे चार महिन्यांनी हुकले. मात्र तिच्या नेकचे डोके अजून जुन्या घडणीचे, लहानच आहे.

आता दुखणे सांगतो. १९७८ च्या सुमारास मालकांनी तिचा तीन छटांचा सनबर्स्ट रंग (मध्यापासून कडांकडे गडद होत जाणारा) खरवडून काढला आणि लाकूड दिसावे म्हणून वर पॉलियुरेथेनचा जाड पारदर्शक थर दिला. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबकीय भाग) काढून तिथे हम्बकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअप, बसवला, त्यासाठी पिकगार्ड (बॉडीवरची पातळ झाकणपट्टी) करवतीने कापला आणि खालचे लाकूडही कोरले. क्लूसन कंपनीचे ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या) काढून जाड दांड्यांचे नवे ट्यूनर लावले आणि पिकअप निवडण्याच्या तीन खटक्यांच्या स्विचऐवजी पाच खटक्यांचा स्विच घातला. जुने ट्यूनर व स्विच तंबाखूच्या एका पत्र्याच्या डबीत सापडले. पिकअप मात्र गेला तो गेलाच.

माझे मत असे आहे की हे सारे बदल उलटवावेत: लाकडातील खड्डा बुजवावा, त्या काळातील पिकअप शोधून लावावा आणि सनबर्स्ट पुन्हा चढवावा. ज्या रूपात ती फुलरटनच्या कारखान्यातून बाहेर पडली, ते रूप तिला परत मिळावे. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल, विरोधी असले तरी.

बेसूर

माझा पूर्ण विरोध आहे. ही गिटार तिच्या मालकांकडे हम्बकरसह चार दशकांहून अधिक काळ होती आणि मूळच्या सिंगल कॉइलसह (एकेरी गुंडाळीच्या पिकअपसह) जेमतेम तेरा वर्षे. यांतले ‘खरे’ रूप कोणते, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? स्त्रादिवारी यांच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांच्या माना पुढील काळात बदलल्या गेल्या, कारण मोठ्या सभागृहांना अधिक ताण आणि अधिक आवाज हवा होता. आज त्या माना कापून सहसा कोणी सतराव्या शतकातील मान बसवत नाही. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारीचेच पाहा. तिच्या नेकजवळच्या पिकअपमधील चुंबक उलटा बसला, म्हणून दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की तो अनुनासिक, पोकळ आवाज येतो. एखाद्या शहाण्याने तो चुंबक ‘मूळ स्थितीत’ आणला असता, तर त्या गिटारीत वेगळे असे काय उरले असते?

षड्ज

बेसूर यांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, परंतु तो निवडक आहे. व्हायोलिनच्या माना संगीताची गरज म्हणून बदलल्या. १९७० च्या दशकात गिटारींचे जे झाले, त्यातील बराच भाग निव्वळ फॅशन होती. रंग खरवडला म्हणून आवाज सुधारल्याचे उदाहरण मी तरी ऐकलेले नाही. शिवाय उलट दिशेचाही दाखला आहे. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या १९६९ च्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर ऐंशीच्या दशकात काहलर कंपनीचा ट्रेमोलो (तारांचा सूर हलवणारी दांडी) बसवण्यासाठी लाकूड कापले गेले. पुढे तो काढून ती जागा लाकडाने भरली आणि जुन्या पद्धतीचा ट्रेमोलो पुन्हा लावला गेला. २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तीच गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. बदल उलटवल्याने तिचा इतिहास पुसला गेला, असे कोणी म्हटले नाही.

हिशेबनीस

तो आकडा गिल्मर यांच्या हातांचा आहे, लाकडाचा नव्हे. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार तर तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जुळवून केलेली होती, म्हणजे संग्राहकांच्या व्याख्येनुसार मूळ असे तिच्यात काहीच नव्हते, तरीही २००४ मध्ये तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. अनामिक वादकाच्या गिटारीला हा नियम लागू होत नाही. बाजारातला ढोबळ ठोकताळा असा आहे की मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्म्यावर येते, आणि नवा रंग कितीही सुबक असला तरी ती निम्मी किंमत परत येत नाही. तेव्हा एकतार, आपण हे पैशासाठी करत असाल तर करू नका; हौसेसाठी करत असाल तर माझी हरकत नाही.

सुतारपक्षी

मी वाद्यदुरुस्तीचे काम करतो आणि अशा खरवडलेल्या गिटारी माझ्या टेबलावर वरचेवर येतात. ‘सगळे उलटवा’ आणि ‘कशालाही हात लावू नका’ ही दोन्ही टोके मला काम न करणाऱ्यांची वाटतात. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारावा: जे आपण करणार आहोत, ते उद्या दुसऱ्याला लाकूड न कापता काढता येईल का?

स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप लाकडाला नव्हे, तर पिकगार्डला टांगलेले असतात. त्यामुळे अखंड नवा पिकगार्ड आणि त्यात सिंगल कॉइल बसवला की खालचा खड्डा झाकला जातो. तो बुजवण्याची गरजच उरत नाही. बुजवायचा म्हटला तर आधी त्याच्या कडा सरळ कराव्या लागतात, म्हणजे आणखी लाकूड जाते, आणि त्याबरोबर त्या खड्ड्याच्या भिंतींवर कदाचित उरलेला १९६५ चा रंगही जातो. एकतार, पिकगार्ड उघडून आत नीट पाहा. खरवडणारे लोक सहसा बाहेरचाच रंग काढतात. नेकच्या खोबणीत जर रंगविरहित पट्टा दिसला, तर रंगवताना बॉडी ज्या काठीवर धरली होती तिची ती सावली असते. ही खूण पुन्हा निर्माण करता येत नाही, आणि रंगाच्या एका फवाऱ्यात ती नाहीशी होते.

ट्यूनरचा प्रश्न सोपा आहे. छिद्रे पावणेनऊ मिलिमीटरवरून दहा मिलिमीटरपर्यंत मोठी केलेली असणार. त्यात बसणारी जाड कड्यांची बुशिंग मिळतात. त्यांत आपले जुने क्लूसन चपखल बसतील आणि नेकच्या लाकडाला नखही लागणार नाही.

फिंगरबोर्डबद्दल (नेकवरील बोटे दाबण्याच्या पट्टीबद्दल) आपण काही लिहिले नाही, म्हणून मीच विचारतो: फ्रेट (त्यावरील धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलताना त्याची गोलाई सपाट केली आहे का? १९६२ नंतरच्या या नेकवर रोजवुडचा वाकवलेला पातळ थरच असतो. मूळची सव्वासात इंच त्रिज्येची गोलाई परत आणण्यासाठी त्यावर रंधा चालवला, तर काही ठिकाणी खालचे मेपल दिसू लागेल. पूर्ण थर बदलायचा, तर ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या व्यापाराची कागदपत्रे हा वेगळाच डोंगर आहे. सपाट असेल तर सपाट राहू द्या.

एकतार

गोलाई सपाट केलेलीच आहे. पट्टी लावून आताच पाहिले. नेकच्या खोबणीत आपण म्हणता तसा पट्टाही आहे, आणि पिकअपच्या खड्ड्यांच्या कडेला पिवळसर छटा आहे. हे मी आजवर मळ समजत होतो.

सुतारपक्षी

तो मळ नव्हे. सनबर्स्ट देण्याआधी आल्डरच्या बॉडीला जो पिवळा रंग देत, तो आहे. कृपया पुसू नका.

बेसूर

एकतार यांच्या मूळ यादीतील ‘त्या काळातील पिकअप’ या शब्दांकडे कोणी लक्ष दिले नाही. १९६५ चा सुटा पिकअप बाजारात येतो कुठून? कोणीतरी दुसरी १९६५ ची गिटार सुटी करून तुकड्यांनी विकलेली असते, कारण सुट्या भागांची बेरीज अनेकदा अखंड गिटारीपेक्षा जास्त भरते. आपली एक गिटार पूर्ण करण्यासाठी आपण दुसरी अपुरी करणाऱ्याला पैसे देतो. याला जतन म्हणणे मला पटत नाही.

षड्ज

हा मुद्दा मात्र मान्य. मीही तसा पिकअप घेऊ नका असेच म्हणेन. ४२ गेजची इनॅमलची तार आणि अल्निको ५ या मिश्रधातूचे चुंबक वापरून जुन्या पद्धतीने गुंडाळलेला नवा पिकअप घ्यावा. तो १९६५ चा असल्याचे सोंग करत नाही.

परंतु रंगाबाबत मी मागे हटणार नाही. ती पारदर्शक बॉडी म्हणजे वापराने आलेली झीज नव्हे. चाळीस वर्षांच्या घामाने आणि कोपराने उडालेला रंग मी कधीही झाकू देणार नाही, पण एका दुपारी खरवडणीने केलेली नासधूस मी त्याच आदराने का पाहावी?

सुतारपक्षी

कारण ती नासधूस दुरुस्त करताना दुसरी होते. पॉलियुरेथेनचा थर काढायला बॉडी पुन्हा घासावी लागेल. एकदा घासल्याने कडांची गोलाई आधीच बोथट झालेली असते. दुसऱ्यांदा ती आणखी जाईल.

षड्ज

तो थर उष्णतेने उचलता येतो, घासायची गरज नाही.

सुतारपक्षी

सपाट भागावरून उचलता येतो, हे खरे. कडांवर आणि बॉडीच्या शिंगांच्या (वरच्या टोकांच्या) आतल्या वळणांत शेवटी पॉलिश पेपर घ्यावाच लागतो. तरीही षड्ज यांच्यासाठी एक वाट आहे: पॉलियुरेथेन काढूच नये, त्याला फक्त किंचित खरखरीत करावे आणि त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा सनबर्स्ट द्यावा. उद्या कोणाला नको असेल तर लॅकर त्याच्या द्रावणाने विरघळते आणि खालचा थर तसाच राहतो. १९७८ ची ती चूक अशा वेळी ढालीसारखी उपयोगी पडते. फवारण्याआधी आतले सर्व खड्डे आणि नेकची खोबण मात्र बंद करायची. लॅकर पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात. घाई केली तर स्टँडच्या रबराचे वळ उठतात.

हिशेबनीस

ही वाट घेतलीत तर माझी एक अट जोडा. रंग नवा आहे, असे तारीख टाकून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती पिकगार्डखाली ठेवा. कामाआधीची छायाचित्रे केसमध्ये ठेवा. आपण प्रामाणिक आहात यात शंका नाही, परंतु गिटार आपल्यानंतरही विकली जाणार आहे. आणि रंग कृत्रिमरीत्या झिजवून घेऊ नका. खोटे ओरखडे पाडलेल्या गिटारी कारखानेच राजरोस विकतात, आणि तिथे ते ठीक आहे, कारण पाटीवर तसे लिहिलेले असते. १९६५ च्या खऱ्या बॉडीवर खोटे वय चढवले, तर पुढच्या माणसाला खरे कोणते आणि खोटे कोणते हे कळायचा मार्गच राहत नाही.

एकतार

सर्वांचे आभार. अखंड पिकगार्ड, नवा पिकअप आणि जाड कड्यांची बुशिंग मागवली आहेत. खड्डा बुजवणार नाही, फिंगरबोर्डला हात लावणार नाही. तीन खटक्यांचा स्विच लावावा असे मनात होते, परंतु दोन पिकअपच्या मधल्या आवाजांसाठी लोक तो स्विच अर्धवट अडकवून ठेवत असत, आणि म्हणूनच फेंडरने १९७७ मध्ये स्वतःच पाच खटक्यांचा दिला, हे वाचल्यावर मालकांचा स्विच राहू द्यावा असे वाटू लागले आहे. रंगाचे अजून ठरत नाही. सुतारपक्षींची वाट पटते, पण आधी उन्हाळाभर आहे तशी वाजवून पाहतो.

बेसूर

रंगाला माझा विरोध कायम आहे, पण तो आपला निर्णय. एकच विनंती: कापलेला पिकगार्ड आणि हम्बकर विकू नका, आतल्या जोडतारा न तोडता एकत्र केसमध्ये ठेवा. पुढच्या मालकाला तो आवाज हवासा वाटला, तर अकरा स्क्रू काढून, सोल्डरचे तीन-चार डाग देऊन त्याला तो तासाभरात परत मिळेल.

एकतार

ठेवले आहेत. डबी आता रिकामी होईल, पण तीही केसमध्येच राहील.