गोव्यात गोल्फ आणि स्पा असलेलं शांत हॉटेल कुठलं?

फोंडेकर: बाबांची सत्तरी आहे डिसेंबरात, आयुष्यभर राबले, आता गोल्फ शिकायचं म्हणतायत. आईचे गुडघे दुखतात, तिला चांगला मसाज हवा. दोघांना चार दिवस पाठवायचंय, गजबज नको. सुचवा ना कोणीतरी.

तळपणकर: आमच्या काणकोणला पाठव बघ. राजबागच्या किनाऱ्याला ललित हॉटेल आहे, एका बाजूला तळपण नदी, दुसरीकडे समुद्र, गोल्फ कोर्स ९ होलचा, म्हणजे चेंडू घालायचे नऊ खड्डे, दोन फेऱ्या मारल्या की पूर्ण खेळाचे १८. आणि शांतता खरीखुरी, कळंगुटसारखी गर्दी अजिबात नाही.

मडगावची_ताई: बाणावलीचं ताज एक्झॉटिका पण बघ, तिथेही ९ होल आहेत. शिकणाऱ्याला तेवढे भरपूर होतात रे. पण बुक करायच्या आधी फोन करून विचारच, कोर्स चालू आहे का, शिकवणारा असतो का, स्टिक्स भाड्याने मिळतात का, आणि आईसाठी तळमजल्याची खोली माग, आम्ही हे विचारलं नव्हतं आणि सासूबाईंचे जिने चढून फार हाल झाले.

फोंडेकर: तळमजल्याचं लक्षातच नव्हतं, थँक्यू ताई! उद्याच दोन्हीकडे फोन करतो.