हिवाळ्यात उभी गाडी: 'दर रविवारी दहा मिनिटं इंजिन' हा सल्ला थांबवा

ओंटारियोकर: कॅनडातल्या आपल्या ओंटारियोत हिवाळाभर न वापरता उभ्या ठेवायच्या गाडीबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं: नोव्हेंबरात गाडी गॅरेजात लावा, ताडपत्री टाका, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवा. कृपया असं करू नका. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. इंजिन पुरतं तापलं नाही तर ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडा, आत पिवळट फेस चिकटलेला दिसेल. त्यापेक्षा लावण्याआधी ऑइल-फिल्टर बदला, टाकी पूर्ण भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) टाकून पंधरा-वीस किलोमीटर फिरवा. मग एप्रिलपर्यंत हात लावू नका.

जुना_स्पॅनर: सल्ला माझाच होता. बॅटरी मेली की मग कळेल!

ओंटारियोकर: मेंटेनर लावा, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर. स्टार्टरने खाल्लेलं दहा मिनिटांत थंडीत धड भरून येत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली उणे १० च्या आसपास गोठते आणि फुटते. ताडपत्रीखाली ओल कोंडते, हवा खेळणारं कव्हर घ्या.

हिटरवाला: एवढं कशाला? शनिवार-रविवार प्रोपेन हिटर लावा, गॅरेज कोरडं.

मिसिसागा_मावशी: अहो, एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी हवेत जातं! हवा आधी तापते, लोखंड गारच राहतं, म्हणून इंजिन ब्लॉकला घाम फुटतो. एकसारखी थंडी परवडली. मार्चमधल्या उबदार, पावसाळी दिवशी दारही उघडं टाकू नका, तेव्हाही हेच होतं. खालून ओल येऊ नये म्हणून काँक्रीटवर जाड प्लास्टिक अंथरा.

हिटरवाला: मग डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) ५० टक्के आर्द्रतेवर ठेवतो.

मिसिसागा_मावशी: कॉम्प्रेसरवाल्याची कॉइल थंडीत बर्फाने भरते, डेसिकंटवाला, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा लागेल. तरी आधी गाडी खालून धुवा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे चिकटलेलं असतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढतं, रस्त्यावरचं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, पाणी निघायची भोकं, सगळं धुवा. मग ब्रेक मारत चालवून डिस्क वाळवा. हँडब्रेक सोडून चाकाला ठोकळा लावा, नाहीतर पॅड चिकटतात.

जुना_स्पॅनर: आणि शेजारी रोजची गाडी लावता, तिच्या अंगावरचा खारट बर्फ वितळतो, त्याचं काय? खरा गंज तिथून येतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

हिटरवाला: मग ती बाहेर ठेवून सकाळी सहाला काच कोण खरवडणार? तुम्ही?

ओंटारियोकर: उणे २० मध्ये 'बाहेर ठेवा' म्हणणं सोपं आहे. तिच्याखाली कडा उचललेली रबरी चटई टाका, साचलेलं पाणी रोज बाहेर ओढा.

जुना_स्पॅनर: रोज कुणी ओढत नाही. पण मुद्दा मान्य. इंजिनाचंही मान्य, फक्त मीठ नसलेल्या कोरड्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवणार असाल तर सुरू करा, हे माझं म्हणणं कायम.

मिसिसागा_मावशी: जानेवारीत असा रस्ता ओंटारियोत दाखवा.