कडाक्याची थंडी आणि तापमानवाढ: शंका घ्यायला नेमकी किती थंडी लागेल?

वातकुक्कुट:
एखाद्या हिवाळ्यात विक्रमी थंडी पडली म्हणून जागतिक तापमानवाढ खोटी ठरत नाही, हे मान्य. पण चर्चा तिथेच थांबते, हे खटकतं. कितीही थंडी पडली तरी ती पुरावा धरायचीच नाही, असं ठरवलं तर सिद्धान्त तपासायचा कशावर? म्हणून तीन प्रश्न. किती वर्षं आणि किती मोठ्या भागात थंडी राहिली तर ती विरोधी पुरावा ठरेल? ध्रुवीय भोवरा (हिवाळ्यात ध्रुवाभोवती उंचावर फिरणारे वारे) मोडतो तेव्हा काय घडतं, आणि तापमानवाढीमुळेच थंडीच्या लाटा येतात हा दावा कितपत खरा? आणि एका हवामान केंद्राच्या नोंदी घेऊन स्वतः पडताळायचं असेल तर कसं?

अंशमापक:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच मिळतं.

समजा, एका ठिकाणी हिवाळ्यातलं रोजचं तापमान सरासरीभोवती ३ अंश प्रमाण विचलनाने (सरासरीपासूनच्या चढउताराचं नेहमीचं माप) वरखाली होतं आणि त्याचं वितरण साधारण घंटाकृती आहे, म्हणजे बहुतेक दिवस सरासरीजवळ आणि टोकाचे दिवस मोजके. सरासरीपेक्षा ६ अंशांहून जास्त थंड दिवस तिथे २.३ टक्के येतील. आता सरासरी १ अंशाने वर सरकवा आणि उंबरठा जुनाच ठेवा. तितके थंड दिवस १ टक्क्यावर येतात, तर दुसऱ्या टोकाचे उष्ण दिवस २.३ वरून ४.८ टक्क्यांवर जातात. म्हणजे कडक थंडी निम्म्याहून कमी होते, पण संपत नाही. थंडीची लाट आली यात नवल काहीच नाही; मोजायचं ते उच्चांक आणि नीचांक यांचं गुणोत्तर. तापमान स्थिर असतं तर दीर्घकाळात दोन्ही विक्रम सारखेच मोडले असते. अमेरिकेत २००० च्या दशकात दैनिक उच्चांक नीचांकांच्या सुमारे दुप्पट होते.

आता क्षेत्रफळ. अलास्का आणि हवाई वगळून उरलेली अमेरिका पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे १.६ टक्के आहे. तिथे अख्खा महिना तापमान नेहमीपेक्षा १० अंशांनी कमी राहिलं, तरी त्या महिन्याच्या जागतिक सरासरीत घट होईल ०.१६ अंशाची. २०२४ ची जागतिक सरासरी १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे दीड अंशाने वर होती.

मग शंका कधी घ्यावी? ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा गार होणं, जागतिक सरासरी एक-दोन दशांश अंशांनी खाली आणते. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने १९९१ च्या उद्रेकानंतर ती सुमारे अर्ध्या अंशाने उतरवली आणि दोन-तीन वर्षांत परिणाम ओसरला. अशी कारणं वजा करूनही, हरितगृह वायू वाढत असताना वीस-तीस वर्षं जागतिक सरासरी वाढली नाही, तर सिद्धान्त गंभीर अडचणीत येईल. त्याहून कडक कसोटी समुद्राची. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रात साठते. थंडीची लाट हवा इकडची तिकडे करते, पण तेवढ्याने समुद्रातला साठा घटत नाही. तो साठा दशकभर घटताना दिसला, तर मी स्वतः मत बदलेन. दिसतंय ते उलट: साठा वाढतोच आहे.

स्थितांबर:
भोवऱ्याबद्दल. हिवाळ्यात ध्रुवावर ऊन नसतं, त्यामुळे साधारण १५ ते ५० किमी उंचीवरची हवा फार गार होते आणि तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे फिरतात. हाच ध्रुवीय भोवरा. पर्वतरांगा आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातला फरक यांमुळे खालून प्रचंड लहरी वर चढतात. त्या तिथे फुटल्या की वारे मंदावतात, ध्रुवावरची हवा खाली दबते आणि दबल्यामुळे तापते, कधी काही दिवसांत ५० अंशांपर्यंत. सुमारे ३० किमी उंचीवर ६० अंश उत्तर अक्षांशावरचे वारे उलट दिशेने वाहू लागले, की भोवरा मोडल्याची मोठी घटना धरतात. ५ जानेवारी २०२१ ला तसं झालं होतं. खालच्या थरांवरचा परिणाम पुढचे कित्येक आठवडे रेंगाळू शकतो: जेट प्रवाह (सुमारे १० किमी उंचीवरचा वेगवान वाऱ्यांचा पट्टा) वळणं घेतो, एका वळणातून ध्रुवीय हवा दक्षिणेला उतरते आणि शेजारच्या वळणातून उबदार हवा उत्तरेला चढते. बातमीत पहिलं वळण येतं, दुसरं सहसा येत नाही.

३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३१ अंशांच्या आसपास होता. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाची मासिक सरासरी नोंदींच्या इतिहासात प्रथमच ३० अंशांपुढे गेली. २००९-१० चा हिवाळा युरोप-अमेरिकेत कडक होता, तरी २०१० हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांत मोडलं.

‘तापमानवाढीमुळेच थंडी आली’ हा दावा मात्र जपून करावा. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापलं, त्यामुळे ध्रुव आणि मध्य अक्षांश यांच्यातला फरक घटून जेट प्रवाह जास्त नागमोडी होतो, अशी मांडणी आहे. त्यावर एकमत नाही. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येक लाटेचं खापर तापमानवाढीवर फोडणं हे प्रत्येक लाटेने ती खोडून काढण्याइतकंच कच्चं आहे.

नोंदवही:
तिसरा प्रश्न. जीएचसीएन या जगभरच्या हवामान केंद्रांच्या नोंदींच्या मोफत संचातून केंद्राच्या दैनिक किमान तापमानाची फाइल घ्या. आकडे अंशाच्या दशांशात असतात, तेव्हा १० ने भागा. -९९९९ म्हणजे गहाळ नोंद. ती काढली नाही तर अख्खा हिवाळा गोठलेला दिसेल. डिसेंबर पुढच्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीला जोडा, नाहीतर दोन वेगळ्या हिवाळ्यांची खिचडी होते. महिन्यात पाचाहून जास्त दिवस गहाळ असतील तर तो हिवाळा गाळा.

मग केंद्राची जागा किंवा उपकरण बदललंय का ते पाहा. शेजारच्या दोन-तीन केंद्रांच्या सरासरीशी वजाबाकी करून आलेख काढा. त्यात एका वर्षी पायरी दिसली तर तो बदल हवामानाचा नाही, जागेचा किंवा उपकरणाचा आहे.

शेवटी कल, म्हणजे वर्षागणिक होणारी सरासरी वाढ किंवा घट, काढा: स्प्रेडशीटमध्ये स्लोप (SLOPE) हे सूत्र, गुणिले १०, म्हणजे दर दशकाचा आकडा. इथे बहुतेक जण फसतात. हिवाळ्याची सरासरी दरवर्षी १.५ अंशाने इकडेतिकडे होत असेल, तर १० वर्षांच्या कलातली प्रमाण त्रुटी (कल केवळ योगायोगाने किती चुकू शकतो त्याचं माप) येते दशकाला सुमारे १.६ अंश, ३० वर्षांची ०.३२ आणि ५० वर्षांची ०.१५. जागतिक कल १९७० च्या दशकापासून दशकाला ०.२ अंशाच्या जवळ आहे. म्हणजे एका केंद्राच्या दहा हिवाळ्यांवरून ‘थंडी वाढतेय’ किंवा ‘घटतेय’, काहीच सांगता येत नाही. ५० वर्षं घ्या, किंवा बरीच केंद्रं एकत्र करा.

वातकुक्कुट:
धन्यवाद, प्रमाण त्रुटीचे आकडे फार उपयोगी. एक राहिलं: हिमवृष्टी वाढली तर ती थंडी वाढल्याची खूण धरावी का?

अंशमापक:
नाही. दर अंशाला हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. जिथे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, तिथे थोडी ऊब आली तर एकेका वादळातला बर्फ वाढू शकतो. शून्याच्या आसपासच्या भागांत उलट होतं, बर्फाऐवजी पाऊस पडतो. त्यामुळे हिमवृष्टी तापमानाच्या जागी वापरू नका, थेट किमान तापमानच पाहा.