मुंबईला बदली, पण घर कुठल्या उपनगरात? तुमचे अनुभव सांगा

जूनपासून नवऱ्याचं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल). आम्ही सध्या नाशिकला आहोत. सोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास), पाचवीत जाणारा मुलगा आणि शिशुवर्गातली मुलगी. भाडी किती ते शोधलं की कळतं, पण दिवस कसा जातो ते कळत नाही. कुटुंब घेऊन इथे आलेल्यांनी जागा कशी निवडली, कुठे चुकली, ते मोकळेपणाने लिहा.

मुलुंड पूर्व, आधी डोंबिवली

आम्ही २०१६ ला कोल्हापूरहून आलो आणि बजेट बघून डोंबिवलीत घर घेतलं. डोंबिवलीला मी कधीच नावं ठेवणार नाही. फडके रोड, गणेश मंदिर, फुले कलामंदिर, शेजारी हाकेला धावणारे. पण माझं ऑफिस फोर्टला, तिथलं सीएसएमटी स्टेशन डोंबिवलीहून ४८ किलोमीटर. मुलगी तीन वर्षांची होती. पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि मी साडेसातच्या आत कधी पोचलेच नाही. एका पावसात गाड्या रखडल्या, मला नऊ वाजले. पाळणाघराच्या काकू कुलूप लावून जिन्यात बसल्या होत्या. लेक त्यांच्या मांडीवर झोपलेली, पायात बूट तसेच, दप्तर पाठीला. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते घर भाड्याने देऊन आम्ही मुलुंडला वन बीएचकेत आलो. एक खोली कमी झाली, पण संध्याकाळचा तास परत मिळाला. तुम्हाला बीकेसीसाठी मुलुंड सोयीचं आहे: स्लो गाडीने कुर्ला साधारण अर्धा तास, पुढे बस किंवा शेअर रिक्षा. कुर्ल्याला रिक्षाची रांग मोठी असते, तो वेळ धरूनच हिशोब करा. आणि किलोमीटर मोजू नका. घरी जे वाट बघणार त्यांच्या वेळेपासून उलटं मोजत या.

कांदिवली पूर्व

पूर्वी मीही फक्त रेल्वे स्टेशन बघूनच घर शोधा म्हटलं असतं. आता मेट्रो धरा. आमच्याकडून जाणारी मेट्रो ७ (सातवी मार्गिका) जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत आली. तिथून पुलावरून मेट्रो १ मध्ये, मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ मध्ये, की थेट बीकेसी. दोनदा बदलावं लागतं, पण लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे माझी आई एकटी जाऊन येते. लोकलला ती एकटी कधीच गेली नसती.

अंधेरी

घर पावसाळ्यात बघा, एवढंच सांगायचंय. आम्ही मे महिन्यात पश्चिमेला घर घेतलं आणि मुलाची शाळा पूर्वेला. जुलैत अंधेरी सबवे (रुळांखालचा रस्ता) पाण्याने बंद झाला, शाळेची बस दीड तास अडकली, ड्रायव्हरचा फोन लागेना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण सबवे दर वर्षी बंद होतो. घर आणि शाळा रुळांच्या एकाच बाजूला ठेवा. पाणी कुठवर चढतं ते खालच्या वाण्याला विचारा. एजंटला विचारून उपयोग नाही.

ठाणे, नौपाडा

मी सासूबाईंच्या बाजूने लिहिते, वय ७१. मुलाने हौसेने घोडबंदर रोडला टॉवरमध्ये घर घेतलं. बाविसावा मजला, खाली बाग, पोहण्याचा तलाव. पण कोथिंबिरीची जुडी आणायलाही रिक्षा. मी साताऱ्यात रोज चालत मंडईत जाणारी बाई. आठ महिन्यांत माझं चालणं सुटलं, बोलणंही. सुनेच्याच ते लक्षात आलं. आता नौपाड्यात जुन्या सोसायटीत आहोत, लिफ्टमध्ये तीनच माणसं मावतात. पण कोपिनेश्वराचं मंदिर, तलावपाळी आणि गडकरी रंगायतन, सगळं माझ्या पायांच्या टप्प्यात. तुमच्या सासूबाईंना घर दाखवताना किचन नंतर दाखवा, आधी रस्ता दाखवा.

कांजूरमार्ग

आधी लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) ११ महिने राहा, लगेच विकत घेऊ नका. दलाली साधारण एका महिन्याचं भाडं जाते, तेवढं गेलं तरी चालेल. शाळा मात्र पहिल्या वर्षीच विचार करून घ्या. घर बदललं तर आमच्या मुलाला काही वाटलं नाही, शाळा बदलली तेव्हा तो महिनाभर डबा तसाच परत आणायचा.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. नौपाड्याच्या काकू, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. शनिवारी आम्ही मुलुंड पूर्वेला जाऊन आलो. भाजीवाले, दवाखाना, शाळा सगळं पायी फिरलो. सासूबाईंनी स्टेशनच्या पुलावर दोन ठिकाणी दम घेतला, पण चढल्या. सुट्टीच्या दिवशी गर्दीचा अंदाज आला नाही, म्हणून मंगळवारी सकाळी आठला आम्ही दोघं पुन्हा जातोय. मुलुंड ते बीकेसी, घड्याळ लावून.