कीथलीजवळ जुनं काय बघायचं?

खानापूरकर: मंडळी, पोरगा इंग्लंडात कीथलीला आहे, लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडं जाऊलालोय. गिरण्यांच्या आधीचं काय बघण्यासारखं आहे काय तिथं?

टिळकवाडी: काका, इल्कली मूर सोडू नका. उघड्या माळावर दगड आहेत, त्यात खळगे आणि भोवती गोल चरे कोरलेत, चारेक हजार वर्षांपूर्वीचे. सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरकं असताना जावा, दुपारी कायच दिसत नाही. कड्यावर स्वस्तिकासारखी आकृती पण आहे, पुढची ठळक दिसते ती नक्कल, मूळ मागं आहे पुसट, तीच बघा.

गोकाकवाला: सॉल्टेअर जवळच आहे, टायटस सॉल्टनं १८५३ ला गिरणी चालू केली आणि कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं, युनेस्कोच्या यादीत आहे. पण आपलं गोकाक फॉल्स पण तसंच की हो, १८८५ ची गिरणी आणि धबधब्याच्या काठाला चालुक्य काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ. लोक झुलत्या पुलावर फोटो काढून परत फिरतात, देवळाकडं कोण बघत नाही, लई वाईट वाटतंय.

खानापूरकर: मग जायच्या आधी गोकाकला जाऊन येतो, पोराला फोटो पण पाठवतो.