एनसीएए आइस हॉकी: पहिल्या दोन फेऱ्या वरच्या मानांकनाच्या घरच्या रिंकवर का नकोत?

कलामाझूकर

१२ एप्रिल २०२५ ला सेंट लुईसमध्ये आमच्या वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीने बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवलं आणि पहिल्यांदाच एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं, आइस हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आम्ही दोघं नवरा-बायको नऊ हिवाळे इथल्या, कलामाझूतल्या, लॉसन रिंकवर जातोय. त्या रात्री बसलेला आवाज अजून सुटलेला नाही. तरीही एक गोष्ट मनात सलते, ती इथे मांडतो.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकूण १६ संघ. सहा कॉन्फरन्सचे (म्हणजे कॉलेजांच्या लीगचे) विजेते थेट येतात, उरलेले दहा मोसमभरातल्या कामगिरीवर निवडले जातात. चार त्रयस्थ गावांत चार-चार संघांचे विभाग, प्रत्येक विभागात १ ते ४ मानांकनं. एक सामना हरलात की घरी. चार विभागांचे चार विजेते शेवटच्या टप्प्याला जातात, त्याला म्हणतात फ्रोझन फोर.

आमच्या पोरांनी मोसमभर मरमर करून विभागात पहिलं मानांकन मिळवलं. बक्षीस काय? नॉर्थ डकोटातलं फार्गो, घरापासून बाराशे किलोमीटरहून लांब. आम्ही गाडीने गेलो. शिकागो, मिनियापोलिस, मग पुढे सरळसोट रस्ता. पोचलो तर गोलमागचे ब्लॉकच्या ब्लॉक रिकामे. लॉसनमध्ये जेमतेम साडेतीन हजार माणसं मावतात, पण तिथे 'लॉसन ल्युनॅटिक्स' म्हणवणारी पोरं उभी राहिली की पाहुण्या गोलरक्षकाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. आमच्या इतिहासातला सर्वात मोठा मोसम, आणि त्यातला राष्ट्रीय स्पर्धेचा एकही सामना या गावातल्या शाळकरी पोरांना बघता आला नाही.

आम्ही निदान जिंकलो. मेन युनिव्हर्सिटीचं काय झालं बघा. त्यांचंही विभागात पहिलं मानांकन. त्यांना पाठवलं पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला. तिथलं यजमान कॉलेज पेन स्टेट, आणि नियम असा की यजमान पात्र ठरला तर तो स्वतःच्याच विभागात खेळणार. पेन स्टेटचं मानांकन चौथं. मेन ५-१ हरले. पहिल्याला चौथ्याच्या अंगणात खेळायला लावायचं आणि त्याला त्रयस्थ ठिकाण म्हणायचं, हे मला पटत नाही. फ्रोझन फोर खुशाल मोठ्या शहरात ठेवा. त्याआधीच्या दोन फेऱ्या वरच्या मानांकनाच्या रिंकवर व्हायला हव्यात.

चार्ल्सकाठ

अभिनंदन कलामाझूकर, मनापासून. मी बॉस्टनला असतो, त्यामुळे ती रात्र माझ्यासाठी वेगळी होती.

पण तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. मानांकन म्हणजे देवाने कपाळावर लिहिलेलं नव्हे. सहा कॉन्फरन्सचे संघ एकमेकांशी फार कमी खेळतात. मग आकडेमोड करून क्रम लावतात, आणि त्यात सातव्या नि दहाव्या संघातलं अंतर केसाएवढं असतं. त्या केसाच्या जोरावर एका संघाला स्वतःचं घर, स्वतःचा बर्फ आणि स्वतःचा गोंगाट द्यायचा? तेही एका सामन्यात सगळं संपतं अशा स्पर्धेत?

आठवा २०१३. येल विभागात चौथे. ग्रँड रॅपिड्सला त्यांनी मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या नवव्या सेकंदाला हरवलं, मग नॉर्थ डकोटाला ४-१. शेवटी अंतिम सामन्यात क्विनिपिॲकला ४-०, आणि हेच क्विनिपिॲक त्या मोसमात येलला तीनदा हरवून बसले होते. मिनेसोटाविरुद्धचा तो सामना मिनियापोलिसला त्यांच्या घरच्या मारियुची रिंकवर दहा हजार मिनेसोटावाल्यांसमोर झाला असता तर? येल आलं असतं आणि निमूट परत गेलं असतं.

२०१३ ते २०२५ मध्ये येल, युनियन, प्रॉव्हिडन्स, यूमास (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटी), क्विनिपिॲक आणि तुमचं वेस्टर्न मिशिगन, असे सहा संघ पहिल्यांदा विजेते झाले. कॉलेज खेळांत इतकं मोकळं दार दुसरीकडे क्वचितच असेल. ते बंद करू नका.

आणि वरच्या मानांकनाला काहीच मिळत नाही असंही नाही. त्रयस्थ रिंकवरही 'घरचा संघ' तोच धरतात, म्हणजे खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायची शेवटची संधी त्याची. समोर कोण उतरलंय ते बघून आपली फळी उतरवता येते. ज्याने हा खेळ जवळून पाहिलाय त्याला त्याचं मोल ठाऊक आहे.

मिनेसोटाची_आई

चार्ल्सकाठ, तुम्ही सगळे पुरुषांच्याच स्पर्धेबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

माझी मुलगी बारा वर्षांखालच्या संघात खेळते. पहाटे साडेपाचला रिंकवर सोडायचं, हातपाय गोठतात, पण तिचं वेड बघून मीही खेळ शिकले. महिलांच्या एनसीएए स्पर्धेत ११ संघ असतात आणि फ्रोझन फोरच्या आधीचे सामने वरच्या मानांकनाच्या कॉलेजातच होतात. कुणी आरडाओरडा करत नाही. मुली स्वतःच्या वसतिगृहातून चालत रिंकवर जातात, वर्गातल्या मैत्रिणी बघायला येतात.

२०२५ चा महिलांचा अंतिम सामना इथेच मिनियापोलिसच्या रिडर अरीनात झाला, तो आम्ही पाहिला. विस्कॉन्सिन ३-२ मागे. एक मिनिटही उरलेलं नाही आणि पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्सने तो मारला, बरोबरी झाली, आणि ओव्हरटाइमचा गोलही तिनेच केला. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून रडत होती. रिडर लहान आहे, म्हणून तर पक (खेळायची रबरी चकती) काचेवर आदळला की छातीत हादरा बसतो. हा खेळ असाच दिसायला हवा.

चार्ल्सकाठ

ताई, तो सामना मीही टीव्हीवर पाहिला, विलक्षण होता. पण तुमच्याच उदाहरणातली एक बाजू सांगतो. महिलांची स्पर्धा २००१ पासून चालू आहे. २०२५ पर्यंत २४ विजेतेपदं झाली (२०२० साली कोविडमुळे स्पर्धाच नव्हती). ती सगळीच्या सगळी पाच कॉलेजांत वाटली गेली: विस्कॉन्सिन ८, मिनेसोटा ६, मिनेसोटा डलुथ ५, क्लार्कसन ३, ओहायो स्टेट २. घरचं रिंक हे एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण बलवानाला आणखी बळ दिलं की काय होतं ते दिसतंय ना?

मिनेसोटाची_आई

नाही पटलं. चांगल्या मुली त्याच पाच ठिकाणी गोळा होतात, कारण शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, सोयी तिथेच आहेत. ते दुखणं रिंक बदलून बरं होणार नाही.

जामठा

नागपूरहून. आइस हॉकीतलं मला फार कळत नाही, पण त्रयस्थ ठिकाणांचा हा प्रयोग आपण करून बसलोय. २०१६-१७ च्या रणजीत बीसीसीआयने सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर नेले होते. हेतू चांगला होता, यजमानांनी हवी तशी खेळपट्टी बनवू नये म्हणून. त्या मोसमात महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणेने दिल्लीविरुद्ध ५९४ ची अभेद्य भागी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. असा खेळ गहुंजेला पुणेकरांसमोर व्हायचा, तो झाला वानखेडेवर, जिथे दोन्ही संघ परके. पुढच्याच मोसमात तो प्रयोग गुंडाळला. २०२५ चा अंतिम सामना आमच्या जामठ्याला झाला आणि विदर्भाने करंडक घरीच उचलला. आम्ही पाचही दिवस गेलो होतो. घरच्या माणसांसमोर जिंकण्याची गोडी काही औरच असते. कलामाझूकर, तुमचं दुःख मला पूर्ण समजतं.

रॉकीजच्या_पायथ्याशी

मी २००१ पासून डेन्व्हरला आहे आणि कलामाझूकरांच्या विरुद्ध मत देतोय. उपांत्य फेरीत तुम्ही आम्हाला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवलंत, त्याचा राग नाही.

२००२ मध्ये आमचा संघ पश्चिम विभागात पहिला होता आणि सामना ॲन आर्बरला मिशिगनच्या यॉस्ट रिंकवर पडला. ५-३ हरलो. यॉस्टला पाहुणा संघ म्हणून जाणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: घरचं रिंक एवढा मोठा हात देत असेल तर तो कुणालाच मिळू नये. वरच्यालाही नाही.

उलट यजमान कॉलेजाला त्याच्याच विभागात ठेवायचा नियम काढून टाका, मेनवर झालेला अन्याय तिथेच संपतो. २०२४ मध्ये आम्ही पहिलं मानांकन घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला गेलो. समोर यूमास, ज्यांचं कॉलेज तिथून तासाभराच्या आत. दोन ओव्हरटाइम खेळून २-१ जिंकलो आणि पुढे करंडक आणला, आमचा दहावा. पोरांनी केलं, पण तसं करायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

आणि व्यवहाराचंही बघा. रविवारी संघ जाहीर होतात, गुरुवारी बर्फावर उतरायचं असतं. चार दिवसांत कॉलेजच्या गावात हॉटेलं, टीव्हीची माणसं, पाहुण्यांची तिकिटं कुठून उभी करणार? तुमच्या लॉसनमध्ये साडेतीन हजार जागा. पाहुण्या संघाच्या आईवडिलांना किती मिळतील? शिवाय काही कॉलेजांचे रिंक २०० बाय १०० फुटांचे आहेत, बहुतेकांचे २०० बाय ८५. पंधरा फूट रुंदी वाढली की बचावाची अख्खी पद्धत बदलते.

कलामाझूकर

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

चार्ल्सकाठ, तुमच्या सहा नव्या विजेत्यांपैकी प्रॉव्हिडन्सची गोष्ट अर्धी राहिली. २०१५ मध्ये ते विभागात चौथे होते आणि त्यांचे दोन्ही सामने झाले प्रॉव्हिडन्स शहरातच. क्विनिपिॲकचा २०२३ चा विभागही ब्रिजपोर्टला, त्यांच्या कॉलेजापासून अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणजे घरचा फायदा आजही वाटला जातोच, फक्त कामगिरीवर नाही, नशिबावर. येलचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

जागांचं म्हणाल तर कलामाझूत नवं मोठं रिंगण बांधायला घेतलंय, आमचा संघ तिथे जाणार आहे. आणि चार दिवसांत तयारी होत नाही हे मला मान्य नाही, महिलांची स्पर्धा दर वर्षी ते करून दाखवते.

रॉकीज, यजमानाचा नियम काढायला मी आत्ता सही करतो. पण तेवढ्याने फार्गोचे रिकामे ब्लॉक भरत नाहीत. निदान पहिली फेरी तरी? सोळापैकी आठ सामने घरच्या रिंकवर, पुढची फेरी हवी तर त्रयस्थ.

चार्ल्सकाठ

१६ संघ म्हणजे पहिल्या फेरीत आठ सामने, सोळा नाही. तेवढं दुरुस्त करा.

पहिल्या फेरीपुरतं मी विचार करायला तयार आहे, पण एका अटीवर: एकाच सामन्यावर निकाल नको. १९८० च्या दशकात घरच्या रिंकवर दोन सामने खेळवून एकूण गोलांवर निकाल लावायचे. पाहुण्याला सावरायला दुसरी रात्र मिळायची.

रॉकीजच्या_पायथ्याशी

माझा तरीही विरोध. २००६ मध्ये ग्रँड फोर्क्सला होली क्रॉसने मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवलं, ते एका रात्रीचंच होतं. दुसरी रात्र असती तर मिनेसोटा सावरली असती, आणि होली क्रॉसचं नाव आज इथे कुणी घेतलं नसतं.