पीअर सपोर्टला मराठीत काय म्हणाल? (‘समवयस्क’ सोडून)

पत्रकवाली: एक अडलंय. मानसिक आजारातून बाहेर येणाऱ्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींचा आमचा गट दर शनिवारी भरतो, आणि चालवतात पण त्यातून गेलेलीच मुलं, म्हणजे पीअर सपोर्ट वर्कर. पत्रकात मी ‘समवयस्क आधार कार्यकर्ता’ लिहिलं. गटातला एकजण वाचून म्हणाला, ताई, समवयस्क तर माझा चुलतभाऊपण आहे, तो मला रोज पॉझिटिव्ह विचार कर म्हणतो. मी गप्पच. शब्द सुचवा, सोमवारी छापायला द्यायचंय.

जुना_पेठकर: समानुभवी. ‘समदुःखी’ आहेच, पण त्यात रडगाणं येतं.

लातूरचा_बंड्या: नोकरीची जाहिरात वाटते ओ, ‘समानुभवींना प्राधान्य’ 😀

निशिगंध: पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या आणि पार्किन्सन्सच्या गटांत पेशंटला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्यावरून शुभार्थी-मित्र?

लातूरचा_बंड्या: शुभंकर म्हणजे खेळाच्या स्पर्धेतला तो बाहुला ना?

निशिगंध: तोही. पण माझा भाऊ आजारी होता तेव्हा आईला ‘पेशंटची आई’ सोडून पहिल्यांदा कुणी काही म्हटलं असेल तर ते शुभंकर, घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं तिनं.

चहाबाज: मी त्याच बाजूचा, २ वेळा ॲडमिट होतो. गोळ्या सुरू झाल्यावर तोंड इतकं कोरडं पडायचं की बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची, मला वाटलं आजार वाढतोय, घरी सांगायची पण सोय नाही कारण लगेच सगळे तोंडाकडे बघत बसणार. गटातल्या एकीनं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, म्हणाली गोळीचंय ते, माझंही व्हायचं, डॉक्टरांच्या कानावर घाल. तिला आम्ही सिनियर म्हणायचो, कॉलेजात म्हणतात तसं. वयानं माझ्याहून २ वर्षं लहान.

जुना_पेठकर: सिनियर! मराठीत दुष्काळ पडलाय का? सावरकरांनी महापौर, दिनांक दिले, आज कुणाला खटकतात? ‘अग्रानुभवी’ करा.

पत्रकवाली: काका, तो शब्द म्हणेपर्यंत शनिवार संपेल. सिनियर आवडलं मला, पण पत्रक वाचणाऱ्या आईबापांना काय कळणार. आणि रिकव्हरीचं काय करू? ‘बरे होणे’ लिहिलं की विचारतात, मग गोळ्या कशाला अजून? आमच्यातल्या एकीला अधूनमधून आवाज ऐकू येतात, तरी रोज ९ ची बस पकडून कामाला जाते.

रंकाळा: आमच्याकडं ‘उतार पडला’ म्हणतात.

निशिगंध: ते तापाला ठीक आहे. सावरणं घ्या की. पदर सावरतो, तोल सावरतो, पुन्हा गेला की पुन्हा सावरतो, त्यात एकदाच काय ते बरं व्हायची अट नाही.

चहाबाज: +१

वर्धेकर: आमची आजी डिप्रेशन वगैरे काही म्हणत नसे, ‘तिले गमत नाही’ एवढंच. आणि मग कुणाला तरी बसायला पाठवायची तिच्याजवळ.

जुना_पेठकर: गमत नव्हे, करमत. क्रमणे वरून, वेळ क्रमणे.

वर्धेकर: आणि गमणे गम् वरून. दोन्हीत जाणंच आहे नं, मग आमचंच कसं चुकलं?

लातूरचा_बंड्या: आम्ही पण गमत नाहीच म्हणतो. मला तर वाटायचं गंमत वरून आलंय, गंमत नाही ते गमत नाही.

जुना_पेठकर: गंमतीचं तू म्हणतोस म्हणून नाही मानणार. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा.

पत्रकवाली: मंडळी, सोमवार.

लातूरचा_बंड्या: हो ताई, एक मिनिट. काका, मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तवा लातूरला कोण विचारायला आल्तं?